‘काळाचा घाला’ आणि ‘मानवी चूक’ : चरखी दादरीची विमान-टक्कर व लोकप्रतिक्रियेची भाषा

प्रास्ताविक

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास दिल्लीच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ जातीचे विमान काही मिनिटांपूर्वीच दिल्लीहून धाहरानकडे निघाले होते. कझाकस्तानचे इल्युशिन-७६ जातीचे विमान चिमकेंटहून दिल्लीस उतरण्यासाठी येत होते. पहिल्या विमानात ३१२ आणि दुसऱ्यात ३७ माणसे होती. या ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. हवेत दोन विमानांची टक्कर होऊन इतकी माणसे त्यापूर्वी कधी मृत्युमुखी पडली नव्हती आणि त्यानंतरही पडलेली नाहीत.

या अपघाताचा तांत्रिक अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्यावर समाज काय बोलला, कोणत्या शब्दांत बोलला आणि कशाविषयी गप्प राहिला, याची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात लोकप्रतिक्रिया ही एक संहिता मानून तिची समीक्षा केली आहे. मोठ्या अपघातानंतर समाज प्रायः दोन भाषा बोलतो. पहिली दैवाची आणि दुसरी अपराध्याची. या दोन्ही भाषा प्रश्न विचारतात असे वाटते. वस्तुतः त्या प्रश्न मिटवतात. पुढच्या माणसांचे प्राण वाचवणारी तिसरी भाषा, म्हणजे व्यवस्थेची भाषा, चौकशी अहवालात राहते आणि लोकांपर्यंत पोहोचत नाही, असे येथे प्रतिपादन आहे. या विवेचनाचा धागा पालघर तालुक्यातील कुंभवली या गावापर्यंत नेला आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या या परिसराला आपत्तीनंतरची लोकप्रतिक्रिया हा केवळ वाचनाचा विषय नाही.

प्रतिसाद आणि प्रतिक्रिया

मराठीत ‘प्रतिसाद’ आणि ‘प्रतिक्रिया’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. चरखी दादरीच्या घटनेत त्यांतील भेद स्पष्ट दिसतो. सौदी विमानाचे अवशेष ढाणी गावाजवळच्या शेतांत आणि कझाक विमानाचे अवशेष बिरोहर गावाजवळ पडले. तेथे सर्वांत आधी पोहोचले ते आसपासचे शेतकरी. त्यांनी जे केले तो प्रतिसाद होता. त्यासाठी त्यांना विमानाचे नाव, देश किंवा प्रवाशांचा धर्म माहीत असण्याची गरज नव्हती.

दूरवरच्या शहरांत जे घडले ती प्रतिक्रिया होती. अपघाताचे स्थळ, देह आणि वास यांपासून ती दूर होती. म्हणून तिला शब्दांची गरज अधिक होती. प्रतिसाद हाताने दिला जातो आणि त्याची नोंद राहत नाही. प्रतिक्रिया भाषेत व्यक्त होते आणि तिचीच नोंद इतिहास म्हणून शिल्लक राहते. आज चरखी दादरी हे नाव उच्चारताच बहुसंख्य मराठी वाचकांना त्या परिसरातील बलाली गावच्या फोगट भगिनींची कुस्ती आठवते, ३४९ मृतांची आठवण होत नाही. यात कुस्तीचा दोष नाही. परंतु इतकी मोठी घटना सार्वजनिक स्मृतीतून इतक्या लवकर का पुसली गेली, हा प्रश्न उरतो.

त्याचे एक उत्तर मृतांच्या सामाजिक स्थानात आहे. सौदी विमानातील भारतीय प्रवाशांमध्ये आखाती देशांत मोलमजुरी करणाऱ्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या मृत्यूने अनेक गावांतील घरे उघडी पडली. पण ही घरे सार्वजनिक चर्चेच्या मध्यभागी कधीच नव्हती. मृतांची संख्या मोठी असली, तरी मृतांच्या वतीने बोलणारा वर्ग लहान होता.

दैवाची भाषा

मराठी वृत्तपत्रांची अपघातविषयक शब्दकळा दीर्घकाळ ठरून गेलेली आहे. ‘काळाचा घाला’, ‘काळाने झडप घातली’, ‘मृत्यूचे तांडव’, ‘नियतीचा क्रूर खेळ’ हे शब्दप्रयोग बसच्या अपघातालाही चालतात आणि विमानाच्याही. या वाक्यांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. त्यांत कर्ता असतो, परंतु तो काळ, मृत्यू किंवा नियती असतो. काळाला समन्स पाठवता येत नाही आणि नियतीची फेरतपासणी होत नाही.

ही भाषा सर्वस्वी निरर्थक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी माणूस गेला आहे त्याला दैवाच्या भाषेत आधार मिळतो आणि शोकाच्या पहिल्या क्षणी दुसरी भाषा सुचतही नाही. आक्षेप आहे तो शोकाची ही भाषा वृत्तान्ताची भाषा होण्यावर. शोक करणाऱ्याने ‘काळाने नेले’ म्हणावे. वृत्त देणाऱ्याने तेच म्हटले की प्रत्यक्ष कारणांचा शोध सुरू होण्यापूर्वीच संपतो.

अपराध्याची भाषा

दैवाच्या भाषेचा आवेग ओसरला की अपराध्याची भाषा सुरू होते. ‘अपघात की घातपात?’ हा तिचा पहिला प्रश्न, ‘मानवी चूक’ हे तिचे ठरलेले उत्तर आणि ‘उच्चस्तरीय चौकशी’ हा तिचा पूर्णविराम. चरखी दादरीच्या बाबतीत दिल्लीचा नियंत्रक चुकला की वैमानिक, असा पहिला प्रश्न होता. ध्वनिमुद्रित संवादांवरून नियंत्रकाच्या सूचना योग्य होत्या हे दिसू लागले, तेव्हा सारा भर कझाक वैमानिकांवर आणि विशेषतः ‘त्यांना इंग्रजी येत नव्हते’ या एका वाक्यावर आला. जनमानसात या अपघाताचे स्पष्टीकरण म्हणून आजही हेच वाक्य टिकून आहे.

हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धे आहे आणि म्हणूनच ते अधिक फसवे ठरते. ‘इंग्रजी येत नव्हते’ असे म्हटले की दोष एका माणसाच्या अज्ञानात जाऊन बसतो. त्या माणसाला त्या आकाशात कोणी पाठवले, त्याच्या भाषेची परीक्षा कोणी घेतली आणि शब्द चुकला तर तो सावरण्याची दुसरी कोणती सोय होती, हे प्रश्न त्यामागे दडून राहतात.

अहवालातील तिसरी भाषा

या अपघाताच्या चौकशीसाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांचा आयोग नेमण्यात आला. १९९७ मध्ये आलेल्या अहवालाने मूळ कारण स्पष्ट केले. कझाक विमानास १५,००० फुटांवर थांबण्याची सूचना होती, सौदी विमान १४,००० फुटांवर होते आणि कझाक विमान ठरवून दिलेली उंची सोडून खाली आले. भाषेच्या अपुऱ्या ज्ञानाचा उल्लेखही अहवालात आहे. परंतु चौकशीतून पुढे आलेला तपशील लोकप्रतिक्रियेहून कितीतरी अधिक बोलका आहे.

कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा संदेशवाहक कर्मचारी वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. संदेशवाहकासमोर स्वतंत्र उंचीदर्शक नव्हता. त्याला वैमानिकांच्या समोरील उपकरणाकडे पाहावे लागे. सूचना ज्याने ऐकली त्याच्या हाती विमान नव्हते आणि ज्याच्या हाती विमान होते त्याने ती नीट ऐकली होती की नाही, हे तपासण्याची शिस्त कक्षात नव्हती. शेवटच्या क्षणी संदेशवाहकाच्या लक्षात चूक आली आणि त्याने विमान वर घेण्यास सांगितले. विमान वर चढले आणि त्याचे शेपूट सौदी विमानाच्या डाव्या पंखास भिडले. ते तसेच खाली राहिले असते, तर बहुधा सौदी विमानाच्या खालून निघून गेले असते. ‘चूक’ या एका शब्दात न मावणारी ही घटना आहे. येथे चूक सुधारण्याचा प्रयत्नच घातक ठरला.

जमिनीवरची स्थितीही पाहण्याजोगी होती. दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाच्या अखत्यारीत असल्याने उतरणाऱ्या आणि उड्डाण करणाऱ्या नागरी विमानांना एकच हवाई मार्गिका वापरावी लागे. नियंत्रकासमोरचे प्राथमिक रडार विमानाचे अंतर आणि दिशा दाखवी, उंची दाखवत नसे. म्हणजे विमान किती उंचीवर आहे हे कळण्याचा एकच मार्ग होता. तो वैमानिकाला विचारण्याचा आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवण्याचा. शेकडो माणसांचे प्राण परक्या भाषेतील एका वाक्याच्या अचूकतेवर टांगलेले होते. तेव्हा ‘इंग्रजी येत नव्हते’ याच्या जोडीला ‘सारे काही एका इंग्रजी वाक्यावर का सोपवले होते?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक होते.

अपघातानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले. उंची दाखवणारे दुय्यम रडार कार्यान्वित झाले. भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत टक्कर टाळण्याचा इशारा देणारे उपकरण असण्याची सक्ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केली. वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीची पातळी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियमही २००३ मध्ये संमत होऊन २००८ पासून लागू झाले. हे सर्व बदल तिसऱ्या भाषेतून आले. संतापाच्या भाषेतून आले नाहीत. त्यांची वार्ता मात्र टकरीच्या वार्तेच्या शतांशानेही लोकांपर्यंत गेली नाही.

संतापाची परिणती

अपराध्याची भाषा शेवटपर्यंत नेली तर काय होते, याचे उदाहरण युरोपात सापडते. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान यांची टक्कर होऊन ७१ जण मरण पावले. त्यांत अनेक शाळकरी मुले होती. झुरिचच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी एकच नियंत्रक दोन ठिकाणांचे काम पाहत होता. दुसरा सहकारी विश्रांतीस गेला होता, दूरध्वनीची मुख्य व्यवस्था दुरुस्तीसाठी बंद होती आणि धोक्याचा दृश्य इशारा देणारी सोयही चालू नव्हती. रशियन विमानातील उपकरण ‘वर जा’ म्हणत होते आणि नियंत्रक ‘खाली या’ म्हणत होता. वैमानिकांनी माणसाचे ऐकले.

फेब्रुवारी २००४ मध्ये या अपघातात पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या एका माणसाने त्या नियंत्रकाला त्याच्या घराच्या दारात ठार केले. शिक्षेतून सुटून तो मायदेशी परतला तेव्हा त्याचे स्वागत वीरासारखे झाले. दुःखाची खोली मान्य करूनही हे स्वागत समाजाने स्वतःविषयी दिलेला जबाब म्हणून वाचावे लागते. एक माणूस मेला की हिशोब पुरा झाला, अशी समजूत त्यात आहे.

हिशोब पुरा झाला नव्हता, याचा पुरावा त्याआधीचा आहे. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये दोन प्रवासी विमाने अशाच परिस्थितीत एकमेकांच्या अगदी जवळून गेली होती. तेथेही उपकरणाचा आदेश एक आणि नियंत्रकाचा दुसरा होता. सुमारे शंभर माणसे जखमी झाली, टक्कर मात्र टळली. अशा वेळी कोणाचे ऐकावे याचा निर्विवाद नियम हवा, हा धडा तेव्हाच मिळाला होता. जगाने तो वेळीच घेतला नाही. टळलेल्या अपघातावर संताप होत नाही, म्हणून त्याच्यापासून शिकण्याची निकडही वाटत नाही.

अमेरिकेत २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांच्या टकरीत ६७ जण मरण पावले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विविधतेच्या धोरणानुसार होणाऱ्या नेमणुकांकडे बोट दाखवले. समाजमाध्यमांवर एका पारलिंगी लष्करी वैमानिकाचे नाव या घटनेशी खोटेच जोडले गेले आणि त्या व्यक्तीला आपण जिवंत असल्याची चित्रफीत प्रसिद्ध करावी लागली. त्याच काळात तपास यंत्रणा जुन्या नोंदी चाळत होती. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यातील आडवे अंतर एक सागरी मैलाहून आणि उभे अंतर ४०० फुटांहून कमी झाल्याचे १५,२१४ प्रसंग त्यात आढळले. धोका पंधरा हजार वेळा बोलला होता. समाज तो बोलू लागला तेव्हा एका माणसाचे नाव शोधत होता.

नायकाची भाषा

अपराध्याच्या भाषेचीच दुसरी बाजू नायकाची भाषा होय. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईच्या हवाई क्षेत्रात, मुंबईहून भोपाळला जाणारे एक आणि दिल्लीहून पुण्याला जाणारे दुसरे अशी दोन प्रवासी विमाने सुमारे २७,००० फुटांवर समोरासमोर आली. त्यांच्यातील उभे अंतर शंभर फुटांच्या आसपास उरले होते. दोहोंत मिळून २६१ प्रवासी होते. पहिल्या विमानाच्या महिला वैमानिकाने उपकरणाचा इशारा मिळताच अचूक कृती केली आणि वृत्तपत्रांनी तिच्या प्रसंगावधानाचे कौतुक केले. ते कौतुक यथार्थ होते.

तथापि या वृत्तातील एक दुवा निसटला. वैमानिक कक्षात ज्या उपकरणाने इशारा दिला, ते भारताच्या आकाशात सक्तीचे झाले होते ते चरखी दादरीनंतर. ३४९ माणसांच्या मृत्यूतून जो नियम जन्मला, तो सुमारे दोन दशकांनी २६१ माणसांच्या कामी आला. या नियमाइतके खरे स्मारक त्या मृतांना क्वचितच लाभेल. परंतु ज्यांचे प्राण वाचले त्यांनाही ते स्मारक दिसले नाही. लोकप्रतिक्रियेला नायक दिसतो आणि अपराधी दिसतो. नियम दिसत नाही.

कुंभवलीच्या बाजूने

हा विचार कुंभवलीसारख्या गावातून केला की त्याचा अर्थ बदलतो. या गावाच्या एका अंगाला तारापूरची रासायनिक कारखानदारी आहे, काही अंतरावर १९६९ पासून चालू असलेले अणुवीज केंद्र आहे आणि उत्तरेकडे डहाणू-तलासरी पट्ट्यात २०१८ च्या अखेरीपासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. मोठा आवाज होऊन भांडी वाजली, तर तो भूकंप, स्फोट की आणखी काही, हे चटकन ठरवणे कठीण असते. मार्च २०१८ मध्ये तारापूरच्या एका कारखान्यातील स्फोटात तीन जण गेले. ११ जानेवारी २०२० रोजी शेजारच्या कोलवडे येथील कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले आणि त्याचा हादरा अनेक किलोमीटरपर्यंत जाणवला. ऑगस्ट २०२५ मध्ये वायुगळतीत चार कामगार गेले.

येथेही दोन भाषांची तीच आवर्तने दिसतात. पहिल्या दिवशी ‘काळाचा घाला’, दुसऱ्या दिवशी ‘कामगाराचा हलगर्जीपणा’ किंवा ‘व्यवस्थापनाची बेपर्वाई’, तिसऱ्या दिवशी मदतीची रक्कम, चौथ्या दिवशी शांतता. मृत पुष्कळदा दूरच्या राज्यांतून आलेले. चरखी दादरीच्या प्रवाशांप्रमाणेच पोटासाठी घर सोडलेले. प्रतिसाद देणारे मात्र आसपासचे गावकरीच असतात.

भाषेचा प्रश्नही येथे नव्याने उभा राहतो. रसायनांच्या सुरक्षेविषयीची पत्रके बहुधा इंग्रजीत असतात. ती हाताळणाऱ्यांची भाषा मराठी, वारली, हिंदी, भोजपुरी किंवा उडिया असते. उद्या एखादी टाकी चुकीच्या तापमानाला गेली, तर ‘कामगाराला वाचता येत नव्हते’ असे वाक्य सहज तयार होईल. ते ‘वैमानिकाला इंग्रजी येत नव्हते’ या वाक्याचेच भावंड असेल आणि तितकेच अर्धे असेल. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती फक्त वाचून कळणारी सुरक्षा देणे, हा निर्णय कामगाराचा नसतो.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘व्यवस्था’ हा शब्द पुढे केला की जबाबदार माणसे त्याआड लपतात. तारापूरच्या परिसराने हा अनुभव पुरेसा घेतला आहे. हा आक्षेप रास्त आहे. मात्र व्यवस्थेची भाषा म्हणजे कोणालाच दोषी न धरण्याची भाषा नव्हे. युबरलिंगेनच्या प्रकरणात २००७ मध्ये स्विस न्यायालयाने नियंत्रण संस्थेच्या चौघांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. रात्री एकट्या माणसावर काम सोपवण्याच्या रीतीची जबाबदारी त्यामुळे त्या माणसाच्या पलीकडे, ती रीत चालू देणाऱ्यांपर्यंत पोहोचली. अपराध्याची भाषा ‘शेवटचा हात कोणाचा होता?’ असे विचारते. व्यवस्थेची भाषा ‘त्या हाताला एकटे कोणी सोडले?’ असे विचारते. दुसरा प्रश्न पहिल्याहून सौम्य नाही. तो अधिक वरपर्यंत जातो.

समारोप

चरखी दादरीच्या घटनेवरील लोकप्रतिक्रिया खरी होती, तिच्यातील दुःखही खरे होते. अपुरी होती ती तिची भाषा. दैवाच्या भाषेने कारणे झाकली, अपराध्याच्या भाषेने ती एका माणसावर आणून सोडली आणि नायकाच्या भाषेने पुढे नियमाचे श्रेय व्यक्तीस दिले. ज्या तिसऱ्या भाषेने आकाश काही अंशी सुरक्षित केले, ती इंग्रजी अहवालांतच राहिली. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्यावर मुंबईच्या आकाशात दोन मोठे विमानतळ आणि जुहूची हेलिकॉप्टर वाहतूक यांची मांडणी एकत्र सांभाळावी लागत आहे. ही भाषा मराठीत येण्याची गरज त्यामुळे वाढली आहे.

अपघात-चौकशीचे अहवाल हे वाचनीय आणि अभ्यसनीय गद्य आहे, ही जाणीव महाविद्यालयीन अध्यापनात अद्याप रुजलेली नाही. मराठीच्या वर्गात वृत्तपत्रीय शब्दकळेची चिकित्सा, समाजशास्त्राच्या वर्गात मृतांच्या सामाजिक स्थानाचा विचार आणि विज्ञानाच्या वर्गात टळलेल्या अपघातांच्या नोंदींचे वाचन, हे तिन्ही एकत्र आले तर कुंभवली, कोलवडे, सालवड येथून येणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या स्फोटानंतर तीन प्रश्न विचारता येतील. धोक्याने याआधी किती वेळा इशारा दिला होता? तो कोणी ऐकायचा होता? आणि ऐकणाऱ्याच्या हाती काय होते? हे प्रश्न स्फोटाच्या आधी विचारण्याची सवय लागली, तर कदाचित ‘काळाचा घाला’ हे शब्द छापण्याची वेळच येणार नाही.